मनीषाच्या निर्णयाबद्दल, आई आणि नानांना

तीर्थरूप नाना आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई रडत होती आणि नानांनी "आपल्या घरात हे पाप होणार नाही" म्हणून फोन ठेवून दिला. मनीषाला सातवा आठवडा आहे. लेक आठ महिन्यांची, सिझर झालेलं, हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही, आणि तांबी असूनही दिवस राहिले. हे मूल आत्ता नको असं तिने ठरवलंय. नवरा म्हणून भाऊ तिच्या पाठीशी आहे, मीही आहे.

नाना, पोरी पोटातच संपवल्या याची तुम्हाला चीड आहे, ती मलाही आहे. 2011च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. आपल्या जळगाव जिल्ह्यात साडेआठशेसुद्धा नव्हत्या. केळी-कापसाचा पैसा खेळणारा जिल्हा! आज अमळनेरच्या आसपास प्रत्येक गावात तिशी उलटलेली पोरं बिनलग्नाची आहेत आणि लोक दलालाला पैसे मोजून परमुलखातून सून आणतात.

पण त्या पोरी नको होत्या कुणाला? गर्भलिंग निदानाविरुद्धचा 1994चा कायदा बघा. असं प्रकरण कोर्टात गेलं, तर बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. म्हणजे ते घराने तिच्याकडून करवून घेतलेलं असतं, हे कायद्यालाही ठाऊक आहे.

आई, तुझ्याइतकं हे कुणाला कळणार? दोन मुलींनंतर मी पोटात होते, साल 1987. गर्भजल तपासून मुलगी निघाली तर पाडायची, ही पद्धत तेव्हा उघड चालायची. महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला तो पुढच्या वर्षी, 1988 साली. मोठी माय तुला तपासायला ने म्हणून नानांच्या मागे लागली होती आणि तू चुलीपुढून न उठता म्हणालीस, "मन्हं लेकरू शे, मी देखसू." हे मला आत्याने सांगितलं. मी त्या वाक्यामुळे आहे.

मामा म्हणतो, म्हणूनच तू तरी गर्भपाताच्या बाजूने बोलू नकोस. मी यावर पुष्कळ विचार केलाय. तुला ओढून नेलं असतं तर तो तुझ्यावर अन्याय होता. पण घरात दोन लहान पोरी, दुष्काळाची वर्षं, आणि तुलाच तिसरं बाळंतपण झेपणार नसतं, तर? तर मी नसते, आणि तरीही तू चुकली नसतीस. हे लिहिताना पोटात कालवतं, पण माझं मत तेच आहे. तेव्हा तुझ्या पोटाबद्दल तू बोललीस. आता मनीषा तिच्या पोटाबद्दल बोलते आहे.

गर्भ म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं प्रसूती वॉर्डात नोकरी केल्यावर सातवा आठवडा आणि तेविसावा मला सारखा वाटत नाही. कायदाही फरक करतो. 1971 सालीच गर्भपाताला कायद्याची वाट मिळाली. 2021च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, चोविसाव्यापर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी. साधन निकामी झालं हे कारण त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी मनीषाला एका दवाखान्यात "सासूला घेऊन ये" म्हणून परत पाठवलं.

अशी परत पाठवलेली बाई मेडिकलवरून चोरून गोळ्या आणते. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटते, आतल्या आत रक्त जातं. तशा बाया आमच्याकडे मध्यरात्री जीपमधून येतात, आणि सोबतचे लोक आधी विचारतात की गावात कळणार तर नाही ना.

एका प्रश्नापाशी मात्र मी अडते. बाईनेच येऊन सांगितलं की मला मुलगी नको, तर? तिची मर्जी म्हणून मी मान डोलवणार नाही. त्या मर्जीत सासू, जाऊबाई, वाटणीला आलेली जमीन, सगळे बोलत असतात. मनीषाच्या बाबतीत तसं काही नाही. मुलगा की मुलगी हे तिला ठाऊक नाही, ठाऊक होण्याइतके दिवसही झालेले नाहीत.

बुधवारी ती धुळ्याला जाईल. मी नाशिकहून परस्पर तिकडे पोहोचते. आई, त्या दिवशी छोटीला तू सांभाळ, आणि नंतर चार दिवस मनीषाला पाण्याचे हंडे उचलू देऊ नकोस. नाना, भाऊबंदांत कुणाशी बोलू नका; तिचं नाव बाहेर सांगायची डॉक्टरलाही कायद्याने मनाई आहे. राग आला असेल तर मला फोन करून बोला, कितीही बोला. तिला मात्र काही विचारू नका.

तुमची लेक