योगवर्गाला हॉल देताना भाड्यापलीकडचेही विचारा

मा. संपादक,
स. न.

21 जूनचा योग दिन जवळ आला की शहरात नवे योगवर्ग सुरू होतात. सोसायटीचा हॉल, महापालिकेचे समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, जिथे चटया मावतील तिथे. लोक योगाकडे वळतात याचा मला मनापासून आनंद आहे, कारण मी स्वतः योगशिक्षिका आहे. पण जागा देणारे आमच्याकडे काय चौकशी करतात? भाडे किती देणार, वेळ कोणती, पंखे-दिवे कोण बंद करणार. शिकवणारा कुठे शिकला आणि वर्गात कुणाला त्रास झाला तर त्याने कुणाकडे जायचे, हे आजवर मला एकाही कमिटीने विचारलेले नाही.

आपल्याकडे योग शिकवायला परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाचे योग प्रमाणन मंडळ 2018 पासून परीक्षा घेते, पण ती देणे ऐच्छिक आहे. 200 तासांचा कोर्स महिनाभरात उरकून लगेच बोर्ड लावणारेही आहेत. त्यांतले काही उत्तम शिकवतात, हे मला मान्य आहे. तरीही काचबिंदू असलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या, त्या आधीच्या वर्गात रोज शीर्षासन करत होत्या. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. त्यांना डोळ्यांबद्दल तिथे कुणी विचारलेच नव्हते. उच्च रक्तदाब किंवा हर्निया असलेल्याने आणि गर्भवतीने जोरकस कपालभाती करू नये, मणक्याची गादी सरकलेल्याने पुढे वाकण्याचा हट्ट धरू नये, ही आमच्या क्षेत्रातली प्राथमिक माहिती. पहिल्याच दिवशी एका कागदावर आजार आणि ऑपरेशने लिहून घेतली तरी निम्मी काळजी मिटते.

उरलेली निम्मी काळजी जास्त अवघड आहे, आणि तिच्याबद्दल आमच्यात फार कमी बोलले जाते. योगवर्गात माणूस डोळे मिटून आडवा पडतो. शिक्षक त्याच्या पाठीला, कमरेला, मांडीला हात लावून आसन सुधारतो. शिवाय आपल्यावर संस्कार असा, की गुरूला प्रश्न विचारायचा नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाईट हेतूच्या माणसाला रान मोकळे मिळते. म्हैसूरचे योगगुरू पट्टाभी जोईस जगभर पूजले गेले. आसन दुरुस्त करण्याच्या निमित्ताने त्यांनी नको तिथे स्पर्श केला, असे अनेक शिष्यांनी पुढे येऊन सांगितले. ते 2009 मध्ये गेले, आणि त्यांचे नातू शरथ जोईस यांनी शिष्यांना झालेल्या यातनांबद्दल जाहीर माफी मागितली ती 2019 मध्ये. ऑस्ट्रेलियात मॅन्ग्रोव्ह माउंटन इथल्या सत्यानंद योग आश्रमात 1970 आणि 80 च्या दशकांत राहणाऱ्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाले. ती मुले 2014 च्या डिसेंबरात तिथल्या रॉयल कमिशनपुढे, म्हणजे सरकारी चौकशी आयोगापुढे, साक्षीला उभी राहिली तेव्हा ती कधीच मोठी झाली होती. अत्याचार होत होते तेव्हा आश्रमात मोठी माणसे नव्हती का? होती, आणि त्यांची गुरूवर श्रद्धा होती.

म्हणून ‘विद्यार्थ्याने धीर करून बोलावे’ असे कुणी म्हटले की मला राग येतो. धीर त्याच्याकडून कसला मागता? तक्रार ऐकणारी व्यक्ती शिक्षकाच्या वर्तुळाबाहेरची असली पाहिजे. पुणेकरांना जवळचे उदाहरण देते. अमेरिकेतल्या अय्यंगार योग संघटनेत एका फार ज्येष्ठ शिक्षकाविरुद्ध तक्रार आली, ती संघटनेच्याच समितीने फेटाळली. नंतर बाहेरच्या एक तपासनीस नेमल्या, तेव्हा 2019 मध्ये तक्रारींत तथ्य असल्याचे निष्पन्न झाले आणि पुण्याच्या अय्यंगार कुटुंबाने त्या शिक्षकाची मान्यता काढून घेतली. घरच्या समितीला जे दिसले नव्हते, ते बाहेरच्या व्यक्तीला दिसले.

छोट्या वर्गात बहुधा शिक्षकच मालक असतो. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर जायचे कुठे? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद केली आहे. जिथे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथली तक्रार या समितीकडे जाते. तक्रारदार स्त्री तिथे नोकरीला असण्याची अट नाही. तक्रार करण्याची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, म्हणून पत्ता आधीच ठाऊक हवा. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा आणखी कडक आहे. अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे, आणि तो हॉल देणाऱ्या कमिटीलाही लागू होतो.

हे सगळे नवख्या विद्यार्थ्यावर सोडून चालणार नाही. किल्ली ज्याच्या हातात, त्यानेच अटी घालाव्यात. शिक्षकाने कुठे शिक्षण घेतले ते कागदावर द्यावे. हात लावण्याआधी दर वेळी विचारावे, ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये, आणि शवासनात कुणालाही हात लावू नये. आम्हाला हात लावावाच लागतो, असे सहकारी म्हणतील. पट्टा, वीट, खुर्ची, दोर यांनी बरेचसे काम होते, उरलेले शब्दांनी होते. मुलांच्या वर्गात दार उघडे असावे आणि एक पालक बसलेला असावा. स्थानिक समितीचा पत्ता आणि 1098 (मुलांसाठी), 181 (महिलांसाठी), 112 (पोलीस, तातडीची मदत) हे क्रमांक हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. वर्गाबाहेरच्या एका स्त्रीचे नाव आणि फोनही तिथे असावा.

आणि नव्याने वर्गाला जाणाऱ्यांनो, शिक्षक रात्री वैयक्तिक मेसेज करू लागला, एकट्याने ‘खास साधने’ला बोलावू लागला, घरच्यांना काही सांगू नकोस म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. भरलेली फी गेली तर जाऊ द्या. वर्गातल्या बाकीच्यांना मात्र सांगा.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतील. हॉलच्या भाड्याचा विषय त्यांत येतोच. त्याच ठरावात या अटी घालाव्यात, अशी सर्व कमिट्यांना माझी विनंती आहे. महापालिकेनेही समाजमंदिरे आणि उद्याने देतानाच्या अर्जात त्या छापाव्यात. माझ्या वर्गासाठीचा असा कागद मी सोसायटीच्या सचिवांकडे या आठवड्यात देत आहे.

आपली,
एक योगशिक्षिका, पुणे