सर्जेकोटाकडेही बघा

महोदय,

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात आमच्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत, अलिबागचा कुलाबा नाही. त्याची हळहळ इथे पुष्कळांना वाटते. मला जास्त खटकते ते वेगळेच. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीतून आलेले पर्यटक कुलाब्याच्या महादरवाजापुढे फोटो काढतात, सिद्धिविनायकाचे दर्शन घेतात, चाकांवरच्या इंग्रजी तोफांवर मुले चढवतात आणि परततात. उत्तरेला हाकेच्या अंतरावरच्या सर्जेकोटाकडे फारसे कोणी फिरकत नाही.

सर्जेकोट म्हणजे खडकावरचा चिमुकला कोट. आत बघण्यासारखे काही नाही, हे खरेच. पण तो तिथे का आहे, हे कळले की कुलाबा कळतो. तो खडक मोकळा राहिला असता तर शत्रूने त्यावर तोफा चढवून मुख्य किल्ला भाजून काढला असता. म्हणून खडकालाच तट घातला आणि दगडी सेतूने तो किल्ल्याला जोडला. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी कुलाब्याचे काम सुरू केले, संभाजी महाराजांनी ते पुरे केले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२१ साली, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कुलाबा पडला नाही.

तटाचे बांधकामही जवळून बघावे. मोठाले दगड नुसते एकावर एक रचलेत, दरजांत चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मुरुडसमोरच्या पद्मदुर्गाची तऱ्हा उलटी: तिथे दगड झिजून आत गेले, पण दरजांतला चुना अजून जागेवर आहे! म्हणून डागडुजीचा विषय निघाला की ‘सिमेंटने फटी बुजवा’ म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. कुलाब्याच्या फटी बुजवल्या तर लाटेचा सगळा मार तटावरच बसेल.

संबंधित खात्याने सेतूपाशी मराठीत एक फलक लावावा: सर्जेकोट कशासाठी बांधला, तट कसा रचला. भरती-ओहोटीच्या वेळाही त्यावर रोज खडूने लिहाव्यात, म्हणजे तिकडे गेलेली माणसे अडकणार नाहीत.

— एक वाचक, अलिबाग