चौदा जणांचं टेबल आणि बिलातली एक ओळ

महोदय,

आपल्या शनिवारच्या पुरवणीत फोर्ट, काळा घोडा, कुलाबा भागातल्या ‘बार अँड ग्रिल’ छापाच्या जागांची ओळख येते, ती मी आवडीनं वाचते. दिवे कसे, गाणी कुठली, कॉकटेल कुठलं हे सगळं त्यात असतं. खर्च मात्र नेहमी ‘दोघांसाठी अंदाजे’ दिलेला असतो. आम्ही दोघं कधीच नसतो. आम्ही बारा ते चौदा असतो, आणि माणसं वाढली की बिलाची जातच बदलते. त्याबद्दल हे पत्र.

आम्ही सगळे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोर्टातल्या शाखेतले, आता निवृत्त. कोणी विरारहून येतं, कोणी पनवेलहून, मी डोंबिवलीहून. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्ही चालत गाठता येतात, म्हणून भेटायचं ते फोर्टातच. निम्मे पितात, निम्मे पीत नाहीत. दोघी शाकाहारी, त्यातली एक जैन. बायका बारमध्ये कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगते की पस्तीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून कॅश मोजली, त्यांच्या शेजारी बसून पापलेट खायला आम्हाला संकोच वाटत नाही.

मोठ्या ग्रुपला चालेल अशी जागा शोधणं सोपं नाही. कुलाब्याच्या मोंडेगार कॅफेच्या भिंतींवरची व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं बघायला मला आजही आवडतं, पण तिथं चौदा जण एकत्र बसून एकमेकांचं ऐकू शकतील ही आशा धरू नये. अपूर्वा किंवा महेश लंच होमसारख्या मंगळुरी पद्धतीच्या जुन्या जागी मासळीला तोड नाही. फक्त तिथं गेलं की सगळ्यांचं लक्ष ताटात, गप्पा बाजूला. आम्हाला हवी असते ती मधली जात: टेबलं जोडून देणारी, गाण्याचा आवाज सांगितल्यावर कमी करणारी, सिगडीवरचं काहीतरी सतत आणत राहणारी आणि साडेनऊला बिल मागितलं तर तोंड वाकडं न करणारी.

अशा जागेची परीक्षा मी एकाच गोष्टीवरून करते. टिक्क्याच्या प्लेटमध्ये तुकडे सहा आणि टेबलावर माणसं चौदा. नवशिका वेटर म्हणतो, ‘तीन प्लेट सांगू?’ मग चार तुकडे उरतात आणि गार होतात. मुरलेला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, टेबलावरून एक नजर फिरवतो, कोण खाणार कोण नाही ते ओळखतो आणि म्हणतो, ‘मॅडम, दोन चिकन, अर्धी प्लेट पनीर. पनीर वेगळ्या सळईवर लावायला सांगतो. पापलेट उशिरा आणतो, आत्ता आणलं तर तुम्ही गप्पांत गार कराल.’ असा माणूस भेटला की आम्ही जागा बदलत नाही.

गेल्या महिन्यात मात्र एका नव्या बार अँड ग्रिलमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानापुरती नाही. जेवण चांगलं होतं. कोळंबी तर अशी भाजलेली की टोकाला किंचित करपलेली आणि आत रसरशीत. पोरं कामाला चपळ. आणि मग बिल आलं. खालून तिसऱ्या ओळीत ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’. विचारलं तर कॅप्टन म्हणाला, ‘आठच्या वर ग्रुप असेल तर सिस्टीमच लावते.’ फोनवर टेबल सांगितलं तेव्हा चौदा जण आहोत हे दोनदा विचारून घेतलं होतं. हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

हिशेबाची सवय जात नाही, म्हणून आकडे गोल करून मांडते. समजा खाण्याचे ९,००० आणि दारूचे ६,००० झाले. खाण्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४५०. दारू जीएसटीत येत नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट, तो परमिट रूमसाठी नोव्हेंबर २०२३मध्ये ५वरून १० टक्के झाला, म्हणजे ६००. एकूण १६,०५०. आता १५,००० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावा: १,५००. वर त्या दीड हजारावरही जीएसटी, ७५ रुपये. बिल झालं १७,६२५. म्हणजे जो कर नाही त्याच्यावरही आपण कर भरतो. आणि ज्या मैत्रिणीनं सबंध संध्याकाळ लिंबू सोडा घेतला, ती दुसऱ्याच्या व्हिस्कीवरच्या सर्व्हिस चार्जमध्येही वाटेकरी!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही, बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. हॉटेलवाल्यांच्या दोन राष्ट्रीय संघटना कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकी एक लाखाचा दंडही केला. त्यावर अपील झालं आहे. पण ‘सिस्टीमच लावते’ हे काही कायद्यातलं कलम नव्हे.

मी हे शांतपणे सांगितलं. मॅनेजर आला, आत गेला, पुन्हा आला. एवढ्यात आमच्यातलेच दोघं म्हणायला लागले, ‘जाऊ दे ना, माणशी शंभर-सव्वाशेचा प्रश्न आहे.’ खरी गोम इथेच आहे. दोघं जेवायला गेले तर ते बिल वाचतात. ग्रुपमध्ये कोणी वाचत नाही. सगळे फोन काढून आपापला वाटा पाठवायच्या घाईत असतात, आणि चारचौघांत पैशावरून बोलायला लाज वाटते. आठच्या वरच्या ग्रुपलाच हा चार्ज का, याचं उत्तर या लाजेत आहे असं माझं मत. वीस मिनिटांनी नवं बिल आलं, ती ओळ गेली. निघताना आम्ही वेटरांना रोख टिप दिली, आणि ती सर्व्हिस चार्जपेक्षा फार कमी नव्हती.

हॉटेलवाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. चौदा जणांचा ग्रुप तीन तास टेबल अडवतो, चकणा चार वेळा मागतो, दोन वेटर त्यातच गुंततात. परवान्याचं शुल्क वाढलं, २०२५मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं, त्याच वर्षी जुलैत राज्यभरच्या परमिट रूमनी एक दिवस बंद पाळला, हे सगळं मान्य. मग भाव वाढवा आणि मेनूवर छापा. त्याला कोणी अडवलेलं नाही. माणशी इतके रुपये, इतके स्टार्टर, एक मेन कोर्स असं ग्रुपचं पॅकेज फोनवर सांगा. परवडलं तर येऊ. कायदेशीर बाबींत आपण सगळेच सोयीनं वागतो हेही खरं. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायलाही परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि आमच्या टेबलावर तो आजवर कोणी मागितलेला नाही. पण पाच रुपयांची ढिलाई वेगळी आणि दीड हजारांची हुशारी वेगळी.

ग्रुपनं जाणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच की खाण्याचं आणि दारूचं बिल सुरुवातीलाच वेगवेगळं मागा. म्हणजे न पिणाऱ्यांवर अन्याय होत नाही आणि टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करणं सोपं जातं. टेबल सांगतानाच सर्व्हिस चार्ज विचारा. लावलाच आणि काढायला नकार दिला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि आपल्याला एक विनंती. पुरवणीतल्या त्या लेखांखाली पत्ता, वेळ, दोघांचा खर्च अशी चौकट असते. तीत ‘दहा जणांचा अंदाजे खर्च’ आणि ‘सर्व्हिस चार्ज : लावतात / लावत नाहीत’ अशा दोन ओळी वाढवता येतील का? जागा हवी असेल तर कॉकटेलचं वर्णन थोडं कमी केलं तरी आमची हरकत नाही.

– एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली (पूर्व)