खिडकीची वेलांटी

अक्कोरू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही कन्नड शाळेच्या बाई, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. तुम्ही वाचाल याची खात्री आहे. एखादं अक्षर अडलंच तर माझ्या लेकाला विचारा, त्याला फार बरं वाटेल.

त्या दिवशी मी भातकापणी अर्धी टाकून शाळेत आले, ती मान खाली घालूनच. १ नोव्हेंबरला आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. कुणाच्या घरी कर्नाटकाचा राज्योत्सव, कुणाच्या घरी महाराष्ट्रात गेलो नाही म्हणून काळा दिवस. मोठ्यांचं ते पोरांत उतरतं. माझ्या नववीतल्या पोरानं तुमच्या कन्नड शाळेतल्या एकाच्या शर्टावरची कन्नड झेंड्याच्या रंगाची लाल-पिवळी फीत ओढली, त्यानं याचं दप्तर गटारात टाकलं. एका आवारात दोन शाळा, आणि मधल्या पटांगणात मारामारी. मला वाटलं, झालं, आता ही शाळाही सुटली.

ही शाळाही म्हणते, कारण आधीच्या शाळेनं दाखला हातात ठेवला होता. तिथं मूल्यशिक्षणाचा वेगळा तास असायचा. नम्रता, सहिष्णुता, सगळं भिंतीवर रंगवलेलं. याच्याकडून "मी भांडणार नाही" हे वाक्य दोनशे वेळा लिहून घेतलं. ती वही मी जपून ठेवली आहे. शेवटच्या पानांवर पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. का भांडलास, हे मात्र एकदाही कुणी विचारलं नाही. उलट त्याचे बाबा गोव्यात कामाला असतात म्हणून मलाच चारचौघांत ऐकवलं, "बाप घरात नसला की असंच व्हायचं." ते अजून टोचतं.

तुम्ही आम्हाला बोलावलंत, पण रागावायला नाही. खिडक्यांना ताडपत्री लावून दोन्ही वर्ग एकत्र बसवलेत. पालक मागच्या बाकांवर. मग भिंतीवर सत्यजित रायांचा 'टू' हा लघुपट दाखवलात, १९६४ सालचा, जेमतेम पंधरा मिनिटांचा. रायांना तो इंग्रजीत करायला सांगितलं होतं, तर त्यांनी संवादच ठेवले नाहीत, एवढंच तुम्ही आधी सांगितलंत. मराठी-कन्नडचा प्रश्नच मिटला. माडीवर खेळण्यांच्या ढिगाऱ्यात एक पोरगा, बाहेर झोपडीपाशी बासरी वाजवणारा दुसरा. मग त्याचा पतंग वर चढतो आणि खिडकीतला पोरगा बंदुकीनं तो पाडतो. तेव्हा वर्गात कुणी श्वास घेतला असेल तर मला ऐकू आला नाही.

दिवे लागल्यावर "बोध काय?" असं तुम्ही विचारलं नाहीत. "तो पोरगा एकटाच का खेळतो?" एवढंच विचारलंत, आधी कन्नडात, मग मोडक्या मराठीत. आणि गप्प उभ्या राहिलात. पोरं चुळबुळली तरी तुम्ही बोलला नाहीत. त्या शांततेत माझा लेक उठला. "त्याला खिडकी हाय की, पण खाली ये म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

तुम्ही ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायला घेतलंत. मराठीत. पहिल्याच ओळीत खडू थांबला. मागं वळून तुम्ही त्याला विचारलंत, "खिडकी. शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?"

अक्कोरू, दोनशे वेळा वाक्य लिहायला लावलेल्या माझ्या पोराला तुम्ही शुद्धलेखन विचारलंत! तो म्हणाला, "दीर्घ." तुम्ही खडू त्याच्यापुढं धरलात. तो गेला, शर्टाच्या बाहीनं तुमची वेलांटी पुसली आणि स्वतःची काढली. तुम्ही वर्गाला सांगितलंत, कन्नडात किटकि, दोन्ही ऱ्हस्व, म्हणून माझं चुकलं. हसलं कुणीच नाही. फीतवाला पोरगा पुढच्याच बाकावर होता. तो कन्नडात म्हणाला, पतंग फाटला, पण बासरी राहिली. तेही तुम्ही शेजारी लिहिलंत, कन्नडात. फळा दोन लिप्यांनी भरत गेला आणि मी मागं पदर डोळ्यांना लावून बसले.

शिकलेली माणसं मी खूप पाहिली. आपलं चुकलं हे पोरासमोर सहज म्हणणारं माणूस तुमच्या रूपानं पहिल्यांदा पाहिलं. असं वागायला पैसा लागत नाही, फक्त समोरचाही माणूस आहे हे ध्यानात ठेवावं लागतं. आमच्या या भागात भाषेवरून इतकी वर्षं इतकं बोललं गेलं, पण तुमची भाषा कशी लिहितात, हे समोरच्याला विचारताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, आज मी अक्कोरूंची चूक काढलो की!" किती महिन्यांनी तो आपणहून शाळेचं बोलला, मी मोजले नाहीत. गोव्याला फोन लावून बापालाही हेच सांगितलं.

ती दोघं लगेच जिवलग झाली, असं नाही. पण परवा याच्या सायकलची हवा गेली तर त्या पोरानं घरून पंप आणून दिला. फार काही बोलला नाही म्हणे.

मळणी उरकली आहे. नव्या भाताचे पोहे लेकाबरोबर पाठवते आहे. डब्यावर तुमचं नाव त्यानं कन्नडात लिहिलंय. चुकलं असेल तर त्याच्याच हातात खडू द्या.

तुमची,
मागच्या बाकावरची एक आई