बायोडेटावरची पेन्सिलीची खूण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीतल्या भेदभावावर कोर्टाचा काही निकाल आला की पेपरात मोठा मथळा येतो, घरी सगळे म्हणतात बरं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी भोसरीला कामावर गेले की मालकांचा पहिला प्रश्न, "मॅडम, आता हे काय नवीन काढलंय?" बावीस वर्षं मी एमआयडीसीतल्या छोट्या युनिट्सचं पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) बघतेय, सध्या आहे तिथे चौतीस माणसं, त्यात अकरा बायका. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घ्यावं लागतं.

निकाल काही कमी नाहीत हो. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या शिपिंग कंपनीत लेडी स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता, कंपनी म्हणे या साहेबांच्या कॉन्फिडेन्शियल स्टेनो, यांचं काम वेगळं, शिवाय युनियनबरोबर करार झालाय आणि आमची परिस्थितीही बेताची. १९८७ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काम तेच तर पगार तोच, परवडत नाही हे कारण चालणार नाही. मग १९९१चा एलआयसीचा निकाल. नोकरीला लागताना बाईने जो फॉर्म भरायचा त्यात पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, दिवस किती वेळा गेले, गर्भपात झालाय का, असे रकाने होते! प्रोबेशनवर असताना एकीचं बाळंतपण झालं आणि तिला काढलं, का तर म्हणे पाळीची तारीख खोटी लिहिली. कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाका म्हणून सांगितलं.

आता असा फॉर्म कोण देत नाही. त्याचं काम पेन्सिल करते.

मी मागे एका कंपनीत होते (नाव नको), तिथे अकाउंट्ससाठी इंटरव्ह्यू झाले आणि बायोडेटाचा गठ्ठा फाईलला लावायला माझ्याकडे आला. तीन-चार कागदांवर उजव्या कोपऱ्यात फिकट पेन्सिलीत 'न.ल.' लिहिलेलं. मला वाटलं नगरवरून येणाऱ्या मुली असतील. साहेबांना विचारलं तर हसून म्हणाले, "नवीन लग्न हो. फाईल करताना तेवढं खोडा." त्यातली एक चाकणहून दोन बस बदलून आली होती, बी.कॉम., टॅलीवर हात इतका चालायचा की टेस्ट घेताना मीच बघत बसले होते. तिला बोलावलं नाही. आणि मी खोडरबर घेऊन ते खोडलं, आज लिहिताना लाज वाटते पण खोडलं. भरती करतानाच बाई म्हणून भेदभाव करायचा नाही हे १९७६च्या समान वेतन कायद्यातही होतं, पण ती बिचारी सिद्ध काय करणार, तिला वाटलं असेल आपलाच इंटरव्ह्यू वाईट झाला. जिला काढून टाकतात तिच्या हातात निदान लेटर तरी असतं, ते घेऊन ती कोर्टात जाऊ शकते, जिला घेतलंच नाही तिच्याकडे काय आहे?

बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. २०००मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना सुप्रीम कोर्टाने ही रजा मिळवून दिली, २०२३मध्ये एका कॉन्ट्रॅक्टवरच्या डॉक्टरच्या केसमध्ये सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी बाळंतपणाचे लाभ संपत नाहीत. हा दुसरा निकाल आमच्या मालकांना व्हॉट्सॲपवर कोणीतरी फॉरवर्ड केला आणि ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "म्हणजे आता बायका घ्यायच्याच नाहीत का?" माणूस वाईट नाही हो, दिवाळीत स्वतः घरोघरी मिठाई देतो. पण हिशोब चुकीचा.

मी त्यांना पगारपत्रक उघडून दाखवलं. पॅकिंगची बाई १८ हजारांवर, मालकांचा ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे महिन्याला ५८५ रुपये. हे ५८५ बाई घ्या की बाप्या घ्या, जातातच. आणि ती बाळंतपणाला गेली की पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांचे पैसे ईएसआय देतं, मालकांच्या खिशातून ते जात नाहीत. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते, खरं सांगते, इतकी वर्षं पैसे भरून त्यांना हे माहीतच नव्हतं.

पण २१ हजारांच्या वरच्या पगाराला ईएसआय नाही. आमची क्वालिटीतली सुपरवायझर ३२ हजारांवर आहे, ती रजेवर गेली तर सहा महिन्यांचे जवळजवळ १ लाख ९२ हजार मालकांनी द्यायचे आणि तिच्या जागी दुसरा माणूस ठेवला तर त्याचा पगार वेगळा. चौतीस माणसांच्या युनिटला ते लागतं, उगाच नाही म्हणणार नाही मी. म्हणजे बाई जितकी शिकलेली, जितकी वरच्या पोस्टची, तितकी ती पेन्सिल जोरात चालते. २०१७ला रजा बारा आठवड्यांची सव्वीस केली ते उत्तमच, पण खर्च कोणी उचलायचा हे मालकांवरच ठेवलं. सरकार सात आठवड्यांचा पगार परत देणार अशी बातमी २०१८मध्ये वाचली होती, तीही १५ हजारांपर्यंतच्या पगाराला, आमच्या खात्यात त्यातला रुपया आलेला नाही. नोव्हेंबर २०२५पासून नवीन लेबर कोड लागू झाले, त्यातही सव्वीस आठवडे तसेच आणि खर्चही तसाच. पाळणाघराचंही बघा, पन्नास माणसं झाली की ते ठेवावं लागतं, तर माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी हजेरीपटावर वर्षानुवर्षं एकोणपन्नासच माणसं आहेत, बाकीची ठेकेदाराची.

माझं म्हणणं एवढंच की २१ हजारांच्या वरच्या बायकांसाठीही ईएसआयसारखा एखादा फंड करा, सगळ्या मालकांनी सगळ्या कामगारांवर, बाई असो की पुरुष, थोडं थोडं भरायचं, म्हणजे बाई घेतली म्हणून कोणाला वेगळा भुर्दंड बसणार नाही.

आणि आपल्याला एक विनंती, पुढच्या वेळी असा निकाल छापाल तेव्हा शेजारी छोटी चौकट टाका की ईएसआयमधल्या बाईचे पैसे कोण देतं आणि नसलेल्या बाईचे कोण. आमचे मालक पेपर पहिल्या पानापासून राशिभविष्यापर्यंत वाचतात, माझं मात्र अर्धंच ऐकतात.

आपली,
एक वाचक, भोसरी