टॉवेल काढून घेतला ते बरंच झालं

प्रिय सोनू,

प्रभूच्या नावात सलाम.

तू हॉस्टेलवर सुखरूप पोहोचलीस, खोकला थांबलाय, हे कळल्यावर जिवात जीव आला. फोटो सगळे पाहिले. रात्री उशिरा पाठवलेले ते लांबलचक आवाजी निरोप पप्पा आणि मी एकत्र बसून ऐकले. त्यात एक वाक्य तू फिरून फिरून म्हणत होतीस, "आई, आम्हाला तिथं काही करूच दिलं नाही." फोनवर हा विषय निघाला की तुला भरून येतं आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. पुढच्या रविवारी तुला चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून नेपाळच्या मिशन ट्रिपचा वृत्तांत द्यायचाय. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं.

तुमच्या तरुण संघानं किती तयारी केली होती ते मी पाहिलंय. नाताळात घरोघर कॅरोल गाऊन पैसे जमवले, केक करून विकले, बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची नाटिका बसवली, नेपाळी गाणी पाठ केली, सुवार्तेच्या पत्रिका छापून घेतल्या. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा पायी ओलांडून रात्रभर घाटातली बस. एवढं करून काठमांडूला पोहोचल्यावर तिथल्या पाळकांनी पत्रिकांचा गठ्ठा कपाटात ठेवला आणि चौकातल्या नाटिकेला नको म्हणाले. मग काठमांडूजवळच्या लेले गावाच्या खोऱ्यात, आनंदबनच्या कुष्ठरोग दवाखान्यात गेलात, तर तिथं सिस्टरनी तुझ्या हातातला टॉवेल काढून घेतला. उरलं काय, तर बटाटे सोलणं, गॉजच्या घड्या घालणं, एक भिंत रंगवणं आणि रोज सकाळी रुग्णांशेजारी बसणं.

आधी पाळकांचं सांगते. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत आपापला धर्म पाळायची मुभा आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला त्याच २६ व्या कलमात मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. १९९० च्या आधी तर बाप्तिस्मा घेणाऱ्यालाच वर्षभर तुरुंग होता. आपल्याकडेही कित्येक राज्यांत असे कायदे आहेत, तेव्हा त्याची धास्ती काय असते हे तुला माहीत आहे. तुम्ही पत्रिका वाटून गाडीत बसला असता. पोलीस चौकीत हेलपाटे घातले असते त्या पाळकांनी, आणि शेजाऱ्यांच्या नजरा झेलल्या असत्या त्यांच्या बायकामुलांनी. १९५१ मध्ये राणा घराण्याची सत्ता गेली तोवर त्या देशात ख्रिस्ती मंडळी जवळजवळ नव्हतीच. २०२१ च्या जनगणनेत तिथं पाच लाखांवर ख्रिस्ती नोंदले गेले. ही मंडळी नेपाळी माणसांनी तुरुंग सोसून, घराघरातून वाढवली आहे. कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं हे त्यांना कळतं. त्यांच्या घरी गेलो की त्यांचा शब्द आपल्याला आज्ञेसारखा असला पाहिजे.

आता टॉवेलचं. हे मला जास्त जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मनात योहानाचा तेरावा अध्याय होता हे मला समजतं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे तुम्ही रुग्णांचे पाय धुणार, आणि तुमच्यातला एकजण व्हिडिओ घेणार. घमेली मांडली होती, पाणी भरलं होतं. सिस्टर आल्या, टॉवेल घेतला आणि म्हणाल्या, हे त्यांचं काम आहे, त्यांनाच करू दे. तुम्हाला बसायचं तर शेजारी बसा आणि स्वतःचे पाय भिजवा. तुला अपमान वाटला. मला मात्र ते ऐकून त्या सिस्टरना इथूनच सलाम करावासा वाटला.

कुष्ठरोगात बोटं झडतात असं लोक म्हणतात. तसं नसतं. जंतू मज्जातंतूंना इजा करतात आणि तळव्याची, बोटांची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही, चहाचा पेला कितीही गरम असला तरी हात सुटत नाही. तुझ्या-माझ्या पायाला खडा टोचला की आपण लंगडतो आणि ते लंगडणंच पायाला वाचवतं. या माणसाला दुखत नाही, म्हणून तो जखमेवरूनच मैलभर चालतो. मग जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखूड होत जातं. औषधानं रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुतेकांची परत येत नाही. म्हणून रोग बरा झाल्यावरही जन्मभर रोज पाय बघावे लागतात. साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवायचे, घट्टे खरबरीत दगडानं हलकेच घासायचे, ओलसर असतानाच तेल लावायचं, आरसा धरून तळवा तपासायचा, चप्पल झटकून आत खडा नाही ना ते बघायचं. मऊ एमसीआर रबराची, म्हणजे बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराची, चप्पल घातल्याशिवाय अंगणातसुद्धा पाऊल टाकायचं नाही.

हे कोणी दुसऱ्यानं करून चालत नाही. आज तू धुतलेस, उद्या कोण? वॉर्डात आम्ही ज्यांचं सगळं हातानं केलं ते घरी गेले की महिन्याभरात तीच जखम घेऊन परत यायचे. ज्यांना चार शिव्या खाऊन का होईना स्वतः करायला शिकवलं, ते वर्षानुवर्षं परत आले नाहीत, आणि नर्सला याहून मोठं बक्षीस नसतं. मी मिरजेत कुष्ठरोगाच्या वॉर्डात रुजू झाले तेव्हा एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधांचा एकत्रित उपचार, नुकता येत होता. त्याआधी माणसं जन्मभर डॅप्सोनच्या गोळ्या घेत. आता सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतलं की रोग जातो, पहिल्या काही मात्रांतच संसर्गाची भीती सरते, आणि १९९५ पासून ही औषधं जगभर फुकट मिळतात. औषधाची बाजू सुटली. पायांची बाजू मात्र रोजची आहे, आणि ती ज्याची त्यालाच सांभाळावी लागते.

त्या सकाळी तू पाय भिजवून बसलीस, शेजारच्या आजींनी तुझे तळवे बघितले, टाचेला भेग आहे म्हणून तेलाची बाटली पुढे केली आणि कसं चोळायचं ते दाखवलं. हे तू निरोपात असंच जाता जाता सांगितलंस, तक्रारीच्या मधोमध. सोनू, तुमच्या सगळ्या प्रवासातलं हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या बाईला तिच्या गावानं वेगळं ताट दिलं असेल, तिनं तुझ्या पायाला हात लावून तुला शिकवलं. रविवारी पहिल्यांदा हे सांग.

मंडळीत कोणी विचारेल, एवढा पैसा गाडीभाड्यात घालवण्यापेक्षा दवाखान्यालाच पाठवला असता तर? कमिटीत हा प्रश्न आलाही होता. पैसे पाठवायलाच हवेत, ते आपण पाठवूही. पण पैसे पाठवून ती आजी तुला भेटली नसती.

आणखी एक गोष्ट मी लहानपणापासून मनात बाळगली आहे, ती आज तुला लिहिते. आपण स्वतः एकेकाळी कोणाच्या तरी मिशन रिपोर्टातली माणसं होतो. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या. परदेशी मिशनला आलेल्या सुरुवातीच्या अविवाहित अमेरिकन बायांपैकी त्या एक. त्यांनी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी नगरची ती शाळा पाहिली होती. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. तुझी पणजी नगरच्या मिशन शाळेतच अक्षर शिकली. इथं मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला, आणि तुझी आजी आणि मी त्याच मिशनच्या परंपरेत नर्स झालो. ही माणसं आली, मराठी शिकली, इथल्या मातीत मुरली. पण त्यांच्यातल्याच कित्येकांनी घरी पाठवलेल्या अहवालांत आपले लोक 'अंधारातले बिचारे' म्हणून रंगवले गेले. अशी जुनी पानं वाचताना माझ्या जिवाला लागतं. ज्या बायांनी मार खाऊन, वाळीत पडून मुलींना शाळेत धाडलं, त्यांची नावंसुद्धा त्या पानांत सापडत नाहीत.

म्हणून सांगते, तुझ्या वृत्तांतात त्या लोकांना बिचारे करू नकोस. जी माणसं भेटली ती काय करतात, त्यांना काय येतं, हे सांग. २०१५ च्या भूकंपात त्या दवाखान्यानं जखमींवर उपचार केले. एरवी ज्या दाराकडे लोक वळायचे नाहीत, तिथं जखमी माणसं आली, हे सांग. खोकन्याच्या वसाहतीत तुम्ही गेलात, जिथं पूर्वी रुग्णांना समाजापासून तोडून ठेवायचे. तिथं जन्मलेला आणि आता शाळेत शिकवणारा तो तरुण तुला भेटला, त्याच्याबद्दल सांग. शनिवारच्या उपासनेचं तर नक्की सांग. चपला बाहेर काढून जमिनीवर बसलेली माणसं, मादल हा नेपाळी ढोल वाजवणारी मुलगी, "जय मसीह" म्हणून दोन्ही हात जोडणारी म्हातारी. आपल्या खेड्यातल्या मंडळ्यांची आठवण झाली असं तू म्हणालीस, ते ऐकून आजीला फार आनंद झाला.

आणि फोटो. वाकड्या बोटांचे, उघड्या जखमांचे जे फोटो आहेत ते पडद्यावर दाखवायचे नाहीत. ग्रुपवरूनही काढायला सांग. तुमच्या दादाला मी फोन करेन, पण तू आधी बोललीस तर बरं. कोणी परवानगी दिली होती म्हणून भागत नाही. पाहुण्याला नाही म्हणणं गरीब माणसाला जड जातं. आपल्या देशात २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. माझ्या वॉर्डात अशा बाया होत्या ज्यांच्या सासरी रोगाचं नाव कधीच कळू दिलं नव्हतं. एक फोटो फिरत फिरत कुठं पोहोचेल आणि कोणाच्या लेकीचं लग्न मोडेल, हे आपल्याला कळणारसुद्धा नाही. भिंत रंगवतानाचे, बटाटे सोलतानाचे तुमचे फोटो दाखवा. ते सुंदर आहेत.

पुढं काय करायचं, असं तू शेवटी विचारलंस. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात सापडतात, दर वर्षी सुमारे एक लाख. सीमा ओलांडून तुम्ही जे शिकलात ते इथं लगेच कामाला येईल. तरुण संघानं महिन्यातला एक शनिवार आपल्याकडच्या कुष्ठरोग दवाखान्याला द्यावा असं माझ्या मनात आहे. तिथं स्वयंदेखभालीचा गट चालतो. घमेली भरणं, चपलांचे पट्टे शिवायला देऊन आणणं, नोंदवही लिहिणं, अशी कामं असतात. भाषणं नाहीत, गाणी त्यांनी सांगितली तरच. वर्षभर गेलात तर पुढच्या वर्षी आनंदबनला जाताना तिथल्या सिस्टरना विचारण्यासारखे चांगले प्रश्न तुमच्याकडे असतील. मी मेट्रनशी बोलून ठेवलंय. किती जण खरोखर येतील त्यांची नावं तू लिहून आण. हौशीची नावं नकोत.

त्या पाळकांना आणि सिस्टरना आभाराचं पत्र गेलं का? गेलं नसेल तर तूच लिही, आणि त्यात त्या आजींनाही नमस्कार कळव. पत्रिकांचा गठ्ठा परत मागू नका, त्याचं काय करायचं ते पाळक ठरवतील.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ये. पप्पा मिरज स्टेशनवर येतील. रविवारी उपासना साडेनऊलाच आहे, तुला दहा मिनिटं मिळतील, पाळकसाहेबांशी मी बोलले आहे. टाचेला तेल लावतेस ना? आजीनं तुझ्यासाठी खोबरेल काढून ठेवलंय.

तुझी
आई