अर्धं तिकीट देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे नाक्यानाक्यावर ‘लॅब टेक्निशियन व्हा’, ‘डायलिसिस टेक्निशियन व्हा’ असे फलक झळकतात. तीन वर्षांपूर्वी असाच एक फलक वाचून मी मुलीचं नाव जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात घातलं. लॅब टेक्निशियनचा एक वर्षाचा डिप्लोमा. त्या साली काजूचे आले तेवढे पैसे फीला गेले. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो. पोर सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी घरी येते, मुंबईत खोली बघायला नको, एवढ्यावरच मी खूश होतो.

शिकवणं वाईट नव्हतं, हे आधीच सांगतो. रात्री जेवणं झाली की ती माझ्याच दंडाला पट्टा बांधून शीर चाचपायची. "बाबा, मूठ आवळा." जांभळ्या टोपणाची नळी भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, नाहीतर रक्ताची गुठळी होते आणि प्लेटलेटचा आकडा चुकतो, जोरात मात्र हलवायची नाही, पेशी फुटतात. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. (तिच्या आईने शेवटपर्यंत हात पुढे केला नाही.) लावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला ताप भरला की आम्हाला पहिली धास्ती लेप्टोची, म्हणजे चिखलापाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची. अशा वेळी रक्त नीट घेणारं, तपासणारं माणूस तालुक्यातच हवं. नाहीतर आहेच गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाची वाट.

घोडं अडलं ते मुलाखतीत. इस्पितळातल्या बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून विचारलं, "एकच वर्ष? तास किती झाले?" तास त्यावर कुठेच नव्हते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ चा, म्हणजे तिच्या प्रवेशाच्या आधीचा. संलग्न आरोग्य व्यावसायिकाचा (लॅब टेक्निशियन त्यातच येतो) डिप्लोमा किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांची हवी, असं त्यात आहे. मी घरी हिशेब मांडला. दिवसाला पाच तास, सुट्ट्या वजा जाता फार तर २०० दिवस. हजार तास. पुरे पैसे घेऊन अर्धं तिकीट फाडलं होतं.

कॉलेजात विचारायला गेलो तर म्हणाले, "नोकरीची हमी आम्ही दिली नव्हती." मी हमी मागायला गेलोच नव्हतो.

सध्या पुन्हा फॉर्म विकले जात आहेत. माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर अभ्यासक्रम किती वर्षांचा, एकूण तास किती, त्यातले प्रत्यक्ष इस्पितळात किती आणि कुठल्या, एवढं छापायला लावा. एक वर्ष करून बसलेल्या मुलांना उरलेले तास भरून काढायची सोयही कोणीतरी करावी.

माझी मुलगी आता दोन वर्षांच्या डिप्लोमाला, पहिल्या वर्षापासून बसली आहे. शीर कशी शोधायची ते तिला परत शिकवत आहेत.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग